ठोसरबाईंचं तिसरं स्टूल

मी आजवर जे छापलं ते कोणाच्या ना कोणाच्या विरुद्ध छापलं. पाण्याच्या नळांबद्दल छापलं, धान्याच्या दुकानांबद्दल छापलं, दोन-तीन पुढाऱ्यांबद्दल तर इतकं छापलं की त्यांच्या घरची चूल माझ्या पत्रकांवर पेटत असेल. स्तुती लिहायची मला सवय नाही. स्तुती लिहिणारी माणसंही मला आवडत नाहीत. बहुतेकांना काहीतरी हवं असतं. डॉक्टर ठोसरबाईंकडून मला काहीच नको आहे. त्या बऱ्हाणपूर सोडून गेल्या त्याला चार वर्षं झाली. ज्या सरकारी दवाखान्यात त्या होत्या तिथे त्यांचा फोटो नाही की नावाची पाटी नाही. फीत कापायला आलेल्या माणसांच्या मात्र पाट्या आहेत. असो. मी पत्रक लिहायला बसलेलो नाही.

बाईंचं वर्णन त्यांच्या हातांपासून करायला हवं, कारण ते दिसत नसत. पंचेचाळिशीच्या, सावळ्या, बुटक्या बाई. पांढऱ्या सुती लुगड्याचा पदर कमरेला घट्ट खोचलेला, उन्हासाठी बारा महिने काळी छत्री. रोग्यापाशी असल्या की हात सुईणीसारखे चपळ. पण कोणी शिकवायला लागलं की बाई दोन पावलं मागे सरत, हात पाठीमागे नेत आणि उजव्या हातानं डावं मनगट पकडून ठेवत. कैद्यासारखं. मी एकदा विचारलं तेव्हा म्हणाल्या, "सुटे ठेवले तर मध्ये पडतात हो. माझे हात मध्ये पडले की समोरच्याचे शिकायचे थांबतात."

त्यांचं काम काय होतं ते सांगतो. दवाखान्याच्या आवारात चार-पाच तरुण डॉक्टर राहत. नुकते पास झालेले, सहा महिने किंवा वर्षभरासाठी नेमलेले. त्यांना सगळे निवासी डॉक्टर म्हणत. रोगी तपासायचं त्यांना कॉलेजात शिकवलेलं असे. पण इथे आल्यावर त्यांना दुसऱ्यांना शिकवावं लागे: नव्या नर्सला, आयांना, कंपाउंडरला, खेड्यांतून येणाऱ्या दायांना, रोग्याच्या आईला. आणि शिकवायचं कसं हे त्यांना कोणीच सांगितलेलं नसे. ते बाई सांगत. कोणी त्यांना तसं सांगितलं नव्हतं, कुठल्या हुकमात ते लिहिलेलं नव्हतं. दर बुधवारी बारा वाजता ड्रेसिंगच्या खोलीमागच्या रिकाम्या खोलीत त्या तीन लाकडी स्टुलं ओळीनं मांडत आणि वर्ग सुरू होई.

पहिल्या स्टुलावर निवासी डॉक्टर. दुसऱ्यावर आया, दाई, जो कोणी शिकायचा असेल तो. डॉक्टरनं दुसऱ्याला एक गोष्ट शिकवायची. एकच. गजराच्या घड्याळात दहा मिनिटं लावलेली. घड्याळ वाजलं की डॉक्टरनं उठून व्हरांड्यात जायचं आणि दार ओढून घ्यायचं. मग तिसऱ्या स्टुलावर कोणालातरी आणून बसवायचं, ज्याला त्यातलं ओ की ठो कळत नाही असा माणूस. टांगेवाला, कोणाची सासू, कोणीही. दुसऱ्यानं तिसऱ्याला शिकवायचं. मग तिसऱ्यानं ते सर्वांसमोर करून दाखवायचं. तेव्हाच दार उघडायचं आणि डॉक्टरनं येऊन पाहायचं की आपण पेरलं काय आणि उगवलं काय.

"तिसरा चुकला तर पहिला नापास," हा नियम. दुसऱ्याला कधीच दोष नाही.

दुसरा नियम असा की "समजलं का?" हा प्रश्न खोलीत विचारायचा नाही. "या प्रश्नाला आपल्या भागात एकच उत्तर आहे," बाई म्हणत, "हाव. समजलं तरी हाव, नाही समजलं तरी हाव, घरी जायची घाई असली तर दोनदा हाव."

ही सगळी हकिकत मला नंतर कळली. आधी मी काय पाहिलं तर बुधवारी भर दुपारी चाळीस-पन्नास माणसं दवाखान्याच्या पायऱ्यांवर उन्हात बसलेली, आणि आत तीन डॉक्टर स्टुलांभोवती जमून हसताहेत. माझं डोकं फिरलं. ते अजूनही फिरतं, त्याबद्दल माफी मागणार नाही. मी तडक कापड बाजारामागच्या मित्राच्या छापखान्यात गेलो आणि उभ्या उभ्या मजकूर जुळवला. "रोगी उन्हात, डॉक्टर शाळेत! बुधवारचा हा तमाशा बंद करा!" गुलाबी कागद, कारण तो स्वस्त होता. विणकरांच्या गल्ल्यांत वाटला, भाजीबाजारात वाटला, तापीच्या घाटावर जैनाबादच्या नावेत बसणाऱ्या प्रत्येकाच्या हातात दिला. एक प्रत जिल्ह्याच्या मोठ्या डॉक्टरसाहेबांना टपालानं धाडली. पत्रक झक्क झालं होतं.

पुढच्या आठवड्यात, गुरुवारी, बाई छापखान्यात आल्या. छत्री मिटून दाराशी उभी केली, कडेला एक म्हातारी, तिच्या काखेत तीनेक वर्षांचं पोर, त्याच्या डोळ्यावर पट्टी. मी भांडायला तयार होतो. मनात चार वाक्यं जुळवूनसुद्धा ठेवली होती.

"हे तुम्ही लिहिलंत?" गुलाबी कागद त्यांच्या हातात.

"मीच लिहिलं. आणि एक शब्द मागे घेणार नाही. गरिबाला उन्हात बसवून..."

"छान छापलंय," बाई म्हणाल्या. "अक्षर अगदी स्वच्छ. या गोदाबाई. जैनाबादच्या. यांचं केळीचं शेत आहे. गोदाबाई, या कागदात काय लिहिलंय ते यांना सांगा बरं."

गोदाबाईंनी मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "मले वाचता नाही येत, भाऊ. भाच्यानं वाचून दाखवला. बुधवारी डाक्टर लोकं शाळेत जातेत, दवाखाना बंद राह्यते."

"असं कुठे लिहिलंय!" मी ओरडलो.

"छापेल हाय ना? बंद करा म्हनून? मंग आमी नाही आलो बुधवारी. याचा डोळा मंगळवारी रातच्यालेच चिकटला व्हता. म्हटलं उद्या बेस्तरवारी जाऊ."

मी बाईंकडे पाहिलं. त्यांचे हात पाठीमागे होते.

"डोळा वाचला," त्या म्हणाल्या. "थोडक्यात. काल रांग निम्मी होती. मला वाटलं लोक बरे झाले." मग गोदाबाईंना बाहेर टांग्यात बसवून परत आल्या. "भाच्यानं नीट वाचलं. या बाईला दवाखाना बंद समजला. यात पहिला कोण?"

पहिला-दुसरा ही काय भानगड ते मला तेव्हा ठाऊक नव्हतं, पण बोट कोणाकडे आहे ते कळलं. इतकी वर्षं पत्रकं काढली, पण वाटून झाल्यावर एकाही माणसाला कधी विचारलं नव्हतं की बाबा, तुला यातून काय कळलं. आमच्या चळवळीत कोणीच विचारत नाही. किती वाटली एवढंच विचारतात.

"पण रोगी उन्हात बसले होते हे खरं आहे," शेवटी मी म्हणालो. तेवढं मी सोडणार नव्हतो.

"ते खरं आहे," बाई लगेच म्हणाल्या. "ती माझी चूक. वर्ग आता शेवटचा रोगी गेल्यावर, दोन वाजता. पायऱ्यांवर ताडपत्रीही लावून घेतली." छत्री उचलली. "तुम्हाला वैद्यकातलं काही येतं?"

"काहीच नाही."

"उत्तम. बुधवारी या. तिसरं स्टूल रिकामं आहे."

असा मी त्या खोलीत गेलो. सात-आठ महिने जात राहिलो. ताप उतरवायला अंग कसं पुसायचं, डोळ्यांत औषध कसं घालायचं, भाजलेल्यावर काय लावायचं नाही, सगळं मला आयांनी आणि दायांनी शिकवलं. मी चुकलो की व्हरांड्यातून आत येणाऱ्या डॉक्टरचं तोंड पडे. मी मुद्दाम चुकतो असा एका डॉक्टरला संशय होता. मुद्दाम चुकायची गरज नव्हती.

ते दिवस राज्यांच्या पुनर्रचनेचे होते. आमची राजधानी नागपूरहून उठून भोपाळला गेली होती. कचेऱ्यांतून कपाटांवर खडूनं खुणा केलेल्या दिसत, हे इकडे, ते तिकडे. सरकारी नोकरांचीही तशीच वाटणी चालली होती. कोणी नव्या मध्यप्रदेशात राहायचं, कोणी मुंबई राज्याच्या हिश्शात जायचं, याद्या येत, बदलत, पुन्हा येत. बाई मूळच्या वर्ध्याकडच्या. त्या तिकडे जाणार हे सगळे धरून चालले होते. विचारलं की म्हणत, "कपाट, टाइपरायटर आणि ठोसर. बघू यादीत आधी कोणाचा नंबर लागतो."

मी यावर एकदा त्यांच्यासमोर मोठं भाषण केलं. माणसांना सामानासारखं वाटतात, बऱ्हाणपूरच्या मराठी माणसाला कोणी विचारलं का, वगैरे. बाई चहाच्या ग्लासवर बशी झाकून ऐकत होत्या. भाषण संपल्यावर म्हणाल्या, "बरं मग?"

हे त्यांचं ठेवणीतलं वाक्य. कोणी कितीही तापून बोललं की "बरं मग?" मी या दोन शब्दांना जितका घाबरत असे तितका लाठीला घाबरलो नाही. त्यांचं उत्तर द्यायचं तर उद्या सकाळी उठून काय करणार ते सांगावं लागे.

नव्या राज्याबरोबर नवे डॉक्टरही आले. कोणी ग्वाल्हेरकडचा, कोणी इंदूरचा. तिवारी रीव्याकडचा. उंच, गोरा, परीटघडीचा कोट, वरच्या खिशात पांढऱ्या रुमालाचं टोक. हुशार. पण त्याची हिंदी अशी शुद्ध की आमच्या दायांना ती कीर्तनासारखी वाटे, आणि दायांचं बोलणं त्याला मुळीच कळत नसे. पहिल्याच बुधवारी त्यानं दुभाष्या मागितला.

"दुभाषिया नहीं मिलेगा," बाई म्हणाल्या. "हात हैं ना?"

त्याच्या दुसऱ्या स्टुलावर आली पार्वताबाई. देडतलाईची दाई, साठीची, दात पडलेले, जीभ शाबूत. गेल्या सालात तिच्या हातची दोन बाळं आठवड्याच्या आत गेली होती. तोंड मिटलं, दूध घेता येईना, अंग धनुष्यासारखं ताणलं. गावात करणी म्हणाले. बाईंनी तिला स्वतः निरोप पाठवून बोलावलं होतं. करणी नाही, नाळ कापायचं पातं स्वच्छ नव्हतं, हे तिला सांगायचं होतं; सांगायचं म्हणजे तिच्या हातात उतरवायचं होतं.

तिवारीनं फार सुंदर शिकवलं. नाळेच्या जागी केळीच्या पानाचा ओला देठ घेतला, ही युक्ती बाईंची. दोन ठिकाणी दोरा बांधायचा, मध्ये कापायचं. नवं ब्लेड आणि दोरा आधी स्टोव्हवर खळखळा उकळायचा. उकळल्यावर कशालाही लावायचा नाही. हे त्यानं तीन वेळा सांगितलं. चिमट्यानं ब्लेड काढून दाखवलं. घड्याळ वाजलं, तो बाहेर गेला.

पार्वताबाईनं मला शिकवलं. पाणी उकळलं, चिमट्यानं ब्लेड काढलं, आणि पदराच्या टोकानं दोन्ही बाजूंनी छान पुसून माझ्या हातात दिलं. मीही ते धोतरानं पुसलं. खोलीत कोणीतरी फिस्सकन हसलं.

दार उघडलं. तिवारीनं पाहिलं आणि त्याचा चेहरा लाल झाला. "मैंने पोंछने को कब कहा? तीन बार मना किया! ये लोग सुनते ही नहीं!"

पार्वताबाई घाबरली नाही. "तुमी सांगतलं नाही साहेब, पन तुमी केलं. खिशातला फडका काढून पुसलं ना? मी तोंडाकडे पाहू का हाताकडे? तुमचं बोलनं तं मले समजतच नाही."

खरं होतं. त्यानं ब्लेड पाण्यातून काढलं आणि सवयीनं, गंज चढू नये म्हणून कोणीही पुसेल तसं, खिशातल्या पांढऱ्या रुमालानं पुसलं. आम्ही दहा जण बघत होतो. कोणालाच दिसलं नव्हतं. त्याला स्वतःलाही नाही. दिसलं फक्त जिला त्याची भाषा येत नव्हती तिला.

मी बाईंकडे पाहिलं. त्या इतका वेळ भिंतीला टेकून उभ्या होत्या आणि मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. त्यांना दिसलं होतं. पहिल्याच क्षणी दिसलं होतं. बोलल्या नव्हत्या.

"तिवारी," त्या शांतपणे म्हणाल्या, "आप पास. आपका रूमाल फेल."

त्या दिवसानंतर तिवारीच्या खिशात रुमाल कधी दिसला नाही. बऱ्हाणपूरच्या वैशाखात हा माणूस बाहीनं घाम पुसत हिंडत असे.

वर्ग संपल्यावर मी बाईंना विचारलं, रागानंच विचारलं, की दिसत होतं तर तिथेच थांबवलं का नाही? त्या ग्लास विसळत होत्या. पाठमोऱ्याच बोलल्या.

"मी फार छान शिकवायची. तुमच्या पत्रकासारखं. कॉलेजात शेजारच्या वर्गातली मुलं माझं ऐकायला येत. एका दाईला मी असंच शिकवलं, तिनं सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. मी खूश. पंधरा दिवसांनी तिच्याच हातचं बाळ आलं. तोंड मिटलेलं. तिला मी विचारलं, अगं, मी सांगितलं होतं ना? तर तिनं पुन्हा सगळं घडाघडा म्हणून दाखवलं. एक शब्द चुकला नाही." ग्लास पालथा घातला. "आज मी थांबवलं असतं तर ब्लेड पुसू नये हे पार्वताबाईला कळलं असतं. आपले हात आपल्या तोंडाच्या विरुद्ध बोलतात, हे तिवारीला कळलं नसतं. पार्वताबाई एका गावाची आहे. तिवारी अजून तीस वर्षं शिकवणार आहे."

याखेरीज त्यांनी स्वतःबद्दल काही सांगितलेलं मला आठवत नाही.

मग दोन कागद आले, पाठोपाठ. पहिला जिल्ह्याच्या मोठ्या साहेबांचा. बुधवारच्या वर्गाबद्दल जनतेची तक्रार आली आहे, सबब वर्ग तूर्त बंद ठेवावा, साहेब स्वतः येऊन पाहतील. जनता म्हणजे मी. सोबत मी कधीकाळी टपालानं धाडलेलं गुलाबी पत्रक टाचलेलं. दुसरा कागद वाटणीचा. ठोसरबाई तिकडच्या यादीत होत्या. महिन्याच्या अखेरीस निघायचं.

मी बाईंच्या टेबलापाशी उभा राहून म्हणालो, मी नवं पत्रक काढतो, पाच हजार प्रती, मोर्चा नेतो, तुमची बदली रद्द...

"बरं मग?"

मी खुर्ची ओढून बसलो.

"माझी बदली राहू द्या. खोली बंद व्हायला नको," बाई म्हणाल्या. "देडतलाईहून पार्वताबाई आता दर महिन्याला दोन दाया घेऊन येते. चांदनी गावाहूनही यायला लागल्या आहेत. ही खोली बंद झाली तर पुन्हा सगळे हाव म्हणायला लागतील."

साहेब आले. जाडजूड, गंभीर, तीस वर्षं नोकरी झालेले. माणूस वाईट नव्हता हे लिहायला मला जड जातं, पण लिहितो. ते म्हणाले, "तो दिखाइए, आप कैसे पढ़ाती हैं."

आम्हाला वाटलं, आता बाई स्वतः शिकवतील आणि साहेबांची बोलती बंद करतील. बाईंनी पहिल्या स्टुलावर तिवारीला बसवलं. दुसऱ्यावर चांदनीहून पहिल्यांदाच आलेली एक तरुण दाई बसणार होती, ती साहेबांना पाहून दारातच अडली, तेव्हा पार्वताबाईनं तिला आत ढकलून म्हटलं, "बस ना व माय, खाऊन घेते का काय तो!" ती बसली. तिवारीनं शिकवलं. आता त्याच्या तोंडात आमचे शब्द आले होते, "देठ", "दोरा", "मांगे घे". पण तो कमीच बोलत होता. हात सावकाश, रिकामे, कुठेही न शिवणारे. घड्याळ वाजलं. तो बाहेर गेला, दार ओढून घेतलं.

मी सवयीनं तिसऱ्या स्टुलाकडे निघालो.

"तुम्ही नाही," बाई म्हणाल्या. "तुम्हाला आता बरंच येतं." आणि साहेबांकडे वळून, "सर, तीसरा स्टूल आपका है."

साहेब तिसऱ्या स्टुलावर बसले. त्यांच्या वजनानं ते करकरलं. चांदनीच्या दाईनं स्टोव्ह पेटवला, पाणी उकळलं, देठावर दोरे बांधून दाखवले. काम बरोबर होतं. मग साहेबांची पाळी. ते काय, डॉक्टरच. त्यांना वाटलं हा पोरखेळ आहे. भांड्यातून ब्लेड काढायला चिमटा घेतला, पण तो तापलेल्या टोकाशी धरला आणि बोटं पोळली. त्यांनी चटकन खिशात हात घातला, रुमाल काढला आणि त्यानं ब्लेड धरायला गेले.

"हात मांगे घ्या!"

ती पोरगीच ओरडली. ओरडली आणि साहेबांच्या मनगटावर फटका मारला. रुमाल खाली पडला. पोरीनं तोंडावर पदर घेतला. आता ही रडणार असं वाटलं. पण तिनं पदर सोडला, चिमटा थंड पाण्यात नाही, उकळत्याच पाण्यात पुन्हा बुडवला, त्याच्या मुठीला धरून बाहेर काढला आणि साहेबांच्या हातात दिला. "अस्सं."

साहेबांनी तसंच केलं. न पुसता, न टेकवता देठ कापला.

दार उघडून तिवारी आत आला. त्याला बाहेर काही कळलेलं नव्हतं. त्यानं देठ पाहिला, दोरे पाहिले, ब्लेड पाहिलं. फरशीवर पडलेला मोठा रेशमी काठाचा रुमाल पाहिला. आणि तो बाईंकडे पाहून हसला.

साहेबांनी फायलीतून माझं गुलाबी पत्रक काढलं. "ये किसने लिखा?"

"मैंने," मी म्हणालो.

"अब क्या कहते हो?"

"रोगी उन्हात बसले होते ते खरं होतं. आता ताडपत्री आहे. खोली बंद करू नका." बाकीची वाक्यं मी गिळली. त्या आवारात मी केलेलं हे सगळ्यात लहान भाषण.

साहेबांनी पत्रकाच्या मागच्या कोऱ्या बाजूवर लिहिलं. वर्ग चालू राहील, दोन वाजता, रोगी संपल्यावर, प्रमुख डॉक्टर तिवारी. तिवारीचे इथले महिने थोडेच होते, म्हणून पुढे लिहिलं: जाण्याआधी त्यांनी आपल्या जागी एक तयार करून जावं. बाईंच्या बदलीबद्दल म्हणाले, "वो मेरे हाथ में नहीं है." बाई म्हणाल्या, "मालूम है, सर." एवढंच. उठताना साहेबांनी रुमाल उचलला, खिशात घालता घालता थांबले, आणि हातातच घेऊन गेले.

बाई निघाल्या तो दिवस बुधवार नव्हता, आणि वेळ सकाळची होती. स्टेशनावर आम्ही वीसएक माणसं. गोदाबाई नातवाला घेऊन आल्या होत्या, दोन्ही डोळे उघडे, तो केळ्यांची फणी ओढत होता. पार्वताबाईनं डब्यात दराबा, रव्या-तुपाचं आमच्याकडचं गोड, आणला होता आणि तो कसा खायचा हेही बाईंना समजावून सांगत होती. सामान फार नव्हतं. एक ट्रंक, एक वळकटी, छत्री. गजराचं घड्याळ त्यांनी खोलीतच ठेवलं होतं.

गाडी आली. बाई बायकांच्या डब्यात चढल्या आणि दारात उभ्या राहिल्या. तिवारी खाली दारापाशीच होता. त्यानं कागद काढला. "मैडम, अगले बुधवार को नया डॉक्टर आ रहा है. उससे शुरू में क्या कराऊँ? आँख की दवा, या पट्टी? और पार्वताबाई को दूसरे पर बैठाऊँ, या..."

बाई काही बोलल्या नाहीत. तिवारीनं पुन्हा विचारलं. शिट्टी झाली. त्यांनी त्याच्याकडे नीट पाहिलं, ओठ किंचित हलले, "बरं मग?" असंच काहीसं असेल, आवाज पोचला नाही.

गाडी हलली. आम्ही सगळ्यांनी हात वर केले. बाईंनी केला नाही. मला राग आला. एवढी माणसं आली आहेत, म्हातारी नदी ओलांडून आली आहे, बाई, एक हात हलवायला काय जातं? मी हे मोठ्यानं म्हणालोसुद्धा.

"गप ना, पर्चेवाल्या," पार्वताबाई म्हणाली. "नीट पाह्य जरा. बाईनं हात कुठी ठिवले ते पाह्य."

मी पाहिलं. गाडी वेग घेत होती, दाराचा दांडा त्यांनी धरलेला नव्हता. खांदा चौकटीला टेकवून त्या आमच्याकडे तोंड करून उभ्या होत्या आणि दोन्ही हात पाठीमागे होते.

तिवारीनं कागदाची घडी घातली. खिसा चाचपला, रुमाल नव्हता, त्यानं बाहीनं डोळे पुसले आणि पार्वताबाईला म्हणाला, "बुधवारी दोन वाजता. दुसऱ्यावर तू." मराठीत म्हणाला.

"हाव," पार्वताबाई म्हणाली. आणि मग जीभ चावून, "आईन मी. नक्की आईन."

भुसावळच्या बाजूला गाडी वळेपर्यंत ती पांढरी आकृती दारात दिसत होती. तिनं हात पुढे आणले नाहीत.